शिव आणि शिवक : ऑनलाइन पूजेच्या बाजारातला एक जुना प्रश्न

उज्जैनची ऑनलाइन पूजासेवा हा लहान इंटरनेट व्यवसायाचा आता चांगला रुळलेला प्रकार आहे. भांडवल फारसे लागत नाही. एक संकेतस्थळ, व्हॉट्सअॅपचा क्रमांक, गूगल मॅप्सवरची नोंद, यूट्यूबवर दहा-वीस चित्रफिती आणि जाहिरातीसाठी दरमहा थोडी रक्कम एवढ्यावर काम सुरू होते. दुकान घाटावर असावे लागत नाही. इंदूरकडून उज्जैनात शिरताना लागणाऱ्या नानाखेड्यात, बसस्थानक, क्रीडांगण, हॉटेले आणि व्यापारी गाळे यांच्या गर्दीतल्या एखाद्या खोलीतूनही मंगळनाथाची भातपूजा, कालसर्पशांती किंवा महामृत्युंजय जप यांची मागणी पुण्याहून, नागपूरहून किंवा न्यू जर्सीहून घेता येते. पूजा शहराच्या दुसऱ्या टोकाला, शिप्रेच्या काठी होते. यजमानाला मिळते ती त्याच्या नावगोत्राचा उच्चार असलेली चित्रफीत, आणि काही दिवसांनी टपालाने प्रसादाची पुडी.

या व्यवहाराबद्दल दोन मते नेहमी ऐकू येतात. देवाचा बाजार मांडला, हे एक. काळ बदलला, त्यात वावगे काय, हे दुसरे. दोन्ही मतांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की धर्मकार्यात पैसा आणि प्रसिद्धी इंटरनेटने आणली. तसे अजिबात नाही. भारतीय शास्त्रपरंपरेने या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आहे, आणि तिने काढलेले भेद आजच्या बहुतेक चर्चांपेक्षा अधिक धारदार आहेत.

त्यांतला सर्वांत जुना भेद व्याकरणात सापडतो. देवाच्या नावावरून त्याच्या मूर्तीचे नाव कसे बनते, याविषयी पाणिनीने नियम दिला आहे. मूर्ती विकण्यासाठी घडवलेली असेल तर नावाला ‘क’ हा प्रत्यय लागतो आणि शिवाची ती मूर्ती ‘शिवक’ होते. मूर्ती कोणाच्या उपजीविकेचे साधन असली तरी विकाऊ नसेल, तर प्रत्यय गळतो आणि ती नुसती ‘शिव’ राहते. म्हणजे जीविका आणि पण्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूर्ती पुढ्यात ठेवून पोट भरणारा माणूस आणि मूर्ती विकणारा माणूस यांच्यात पाणिनीने एका अक्षराचे अंतर ठेवले आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या पतंजलीने या सूत्रावर लिहिताना, सोन्याच्या लोभाने मौर्यांनी मूर्ती घडवल्या, असा शेरा मारला. राजसत्तेने देवाचे उत्पन्न केले, हे त्याच्या नजरेतून सुटले नव्हते. (उज्जैनहून निघून सूर्योदयाला माहिष्मतीला पोहोचणाऱ्या प्रवाशाचे उदाहरणही पतंजलीच्या याच ग्रंथात, महाभाष्यात आहे. रस्ता तेव्हाही वाहता होता.)

म्हणून नानाखेड्याच्या खोलीतला माणूस पैसे घेतो का, हा प्रश्न फार पुढे नेत नाही. तो जे विकतो ते शिव आहे की शिवक, हा खरा प्रश्न.

पैसे घेण्याबाबत मीमांसा, म्हणजे वैदिक विधिवाक्यांचा अर्थ लावणारे शास्त्र, मोकळी आहे. यज्ञातल्या ऋत्विजांना मिळणारी दक्षिणा हे दान मानायचे की मोबदला, यावर जैमिनीच्या सूत्रांत चर्चा आहे, आणि निर्णय मोबदल्याच्या बाजूने लागतो. त्याला ‘परिक्रय’ म्हणजे श्रम विकत घेणे असा शब्द आहे. ऋत्विज कामाला लावलेला माणूस आहे. त्याने मंत्र म्हणायचे, आहुती द्यायच्या, विधी चुकू द्यायचा नाही आणि ठरलेली दक्षिणा घेऊन जायचे. फळ त्याचे नव्हे, यजमानाचे. आजच्या भाषेत सांगायचे तर मीमांसकांच्या लेखी पौरोहित्य ही सेवा आहे, आणि सेवेचा दर असण्यात त्यांना काही गैर दिसत नाही.

सगळी परंपरा मात्र इतकी मोकळी नाही. वारकरी पंथात कथेचा पैसा निषिद्ध मानला गेला. कीर्तन करून द्रव्य घेणाऱ्यांवर तुकारामांनी कठोर शब्दांत कोरडे ओढले आहेत. त्या दृष्टीने पाहिले तर कीर्तनातून जीविकाही चालवायची नाही, मग विक्रीचे नावच नको. मनुस्मृतीनेही पगारी देवपूजा करणाऱ्या ‘देवलका’ला श्राद्धाच्या पंगतीतून बाहेर ठेवले आहे. त्याच यादीत एका वेळी पुष्कळांसाठी याजन करणारेही आहेत. एकाच पूजेत पन्नास-शंभर नावे वाचून प्रत्येकाकडून कमी दर घेणारा ‘सामूहिक पूजे’चा प्रकार आज संकेतस्थळांवर सर्वांत स्वस्त म्हणून सर्वांत वर मांडलेला असतो. मनूला तो ओळखता आला असता.

प्रसिद्धीचाही इतिहास आहे. मराठी वाचकाला तो परका वाटू नये, कारण त्यातला बराच भाग मराठी राज्याच्या सावलीत घडला. महाकालेश्वराचे आजचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभारले, आणि १८१० पर्यंत उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. त्र्यंबकेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतले. मंदिर उभे राहिले की यात्रेकरू येतात, आणि यात्रेकरू आले की पुरोहितांत ते वाटून घ्यावे लागतात. त्यासाठी वह्या होत्या. कोणत्या गावचा, कोणत्या आडनावाचा यात्रेकरू कोणत्या घराण्याचा, हे पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवले जाई. प्रयागसारख्या ठिकाणी प्रत्येक पंड्याचे निशाण ठरलेले असे, म्हणजे अक्षरशत्रू यजमानालाही आपला माणूस गर्दीत सापडे. वही ही ग्राहकसूची होती आणि निशाण हे बोधचिन्ह. त्र्यंबकेश्वरी पुरोहितांचे ताम्रपट होते, आणि ‘ताम्रपत्रधारी’ हा शब्द आज त्यांच्या संकेतस्थळांवर अस्सलपणाचा शिक्का म्हणून वापरला जातो.

या जुन्या बाजारात यजमानाला निवड मात्र नव्हती. महाराष्ट्रात गावजोशाचे वतन होते. यजमानाने दुसऱ्या भटजीकडून लग्न लावून घेतले तरी वतनदार जोशी आपल्या दक्षिणेसाठी दिवाणी दावा लावू शकत असे, आणि मुंबई इलाख्यातली न्यायालये तो मान्य करीत. सत्यशोधक समाज १८७३ मध्ये स्थापन झाला आणि त्याने भटजीवाचून लग्ने लावायला सुरुवात केली, तेव्हा हा हक्कच पणाला लागला. मुंबई विधिमंडळाने अखेर १९२६ मध्ये कायदा करून, ज्याला बोलावलेच नाही अशा पुरोहिताला दक्षिणा देण्याचे बंधन काढून टाकले. देवाचा बाजार इंटरनेटने मांडला असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे. आधीही बाजारच होता, फक्त त्यात दुकान एकच होते. गूगलवर चार दर शेजारी शेजारी दिसतात, तेव्हा यजमानाच्या हाती पूर्वी नसलेली ताकद येते. जाहिरातीच्या बाजूने बोलण्यासारखे जे काही आहे त्यातले हे सर्वांत भक्कम.

यजमान हजर नसताना पूजा होते का, हा पुढचा प्रश्न. मीमांसेत ‘प्रतिनिधी’वर स्वतंत्र विचार आहे. ठरलेले धान्य मिळाले नाही तर दुसरे चालेल का, ऋत्विज आजारी पडला तर बदली चालेल का, अशा प्रश्नांची उत्तरे बहुधा होकारार्थी येतात. पण देवता, अग्नी, मंत्र आणि मुख्य क्रिया यांना प्रतिनिधी नाही. तसाच तो ‘स्वामी’ म्हणजे यजमानालाही नाही, कारण फळ ज्याला मिळायचे तो बदलून चालत नाही. म्हणजे ज्याची पूजा त्याने समोर बसलेच पाहिजे, असा याचा अर्थ होईल का? होत नाही. यजमानाचा गाभ्याचा भाग म्हणजे देवतेला उद्देशून केलेला द्रव्यत्याग. ‘हे आता माझे नाही’ हे म्हणणे त्याचे असते, बाकी सारे कामाला लावलेल्यांकडून करवून घेता येते. या हिशेबाने संकल्प फोनवरून केलेला असला तरी यजमानाचाच राहतो. अडचण दुसरीकडे येते. यूपीआयने पैसे पाठवून माणूस कामावर जातो आणि संध्याकाळी चित्रफीत पुढे सरकवत आपले नाव ऐकतो, तेव्हा त्याने त्याग केला की खरेदी केली? बँकेच्या नोंदीत दोन्ही सारखेच दिसतात.

संकल्पात देश आणि काळ उच्चारावे लागतात. पुरोहित शिप्रेच्या काठी आणि यजमान अमेरिकेत असेल तर देश कोणाचा सांगायचा? अमेरिकेतले काही पुरोहित तिथल्या घरगुती पूजेत जंबुद्वीपाऐवजी क्रौंचद्वीपाचे नाव घेतात, म्हणजे देश यजमानाचा धरतात. ऑनलाइन पूजेत मात्र उज्जैनच सांगितले जाते. विकायचे तेच असते, त्यामुळे हे साहजिक आहे.

तीर्थाच्या बाबतीत धर्मशास्त्राने तर अपूर्णांकच दिले आहेत. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेचा विस्तृत विचार आहे, आणि तिथे निबंधकारांनी, म्हणजे धर्मशास्त्राची वचने संकलित करणाऱ्या ग्रंथकारांनी, मान्य केलेली ही वाटणी भेटते. आई, वडील, पत्नी, भाऊ, मित्र, गुरू यांच्यापैकी कोणाला मनात धरून दुसऱ्याने तीर्थात बुडी मारली, तर त्या अनुपस्थित माणसाला फळाचा आठवा हिस्सा मिळतो. दुसऱ्यासाठी म्हणून तीर्थाला जाणाऱ्याला सोळावा हिस्सा. दुसऱ्याच कामाने निघालेल्याला वाटेत तीर्थ घडले तर त्याला अर्धे फळ. या आकड्यांचे गणित जुळवत बसण्यात अर्थ नाही. महत्त्वाचे हे की शास्त्राने प्रतिनिधीला मनाई केली नाही, त्याची किंमत कमी करून ठेवली. गैरहजेरीला सूट आहे, पण ती फळातून कापून घेतली जाते. ‘घरबसल्या संपूर्ण फळ’ असे लिहिणारे संकेतस्थळ नेमका हा आठवा हिस्सा लपवते.

लपवणे कुठे सुरू होते हे पाहायचे तर जाहिरातीच्या भाषेकडे वळावे लागते, आणि इथे पुन्हा मीमांसा उपयोगी पडते. वेदात विधी आहेत तशी स्तुतीही पुष्कळ आहे. अमुक केल्याने अमुक मिळाले, अमक्या देवाला तमके प्रिय, अशी वाक्ये जागोजाग येतात. त्यांना ‘अर्थवाद’ म्हणतात. मीमांसकांच्या मते अर्थवाद शब्दशः माहिती देण्यासाठी नसतो. माणसाने विधी करावा म्हणून त्याचे मन वळवणे हे त्याचे काम, आणि विधीशी जोडला गेला तरच त्याला प्रामाण्य. स्कंदपुराणातला अवंतिखंड, म्हणजे उज्जैनच्या तीर्थांचे माहात्म्य, या नजरेने वाचला तर प्रत्येक अध्यायाच्या शेवटची फलश्रुती आपोआप अर्थवाद ठरते. ती जाहिरात आहेच, आणि परंपरेला ते ठाऊक होते. पण वेद अपौरुषेय मानला गेल्यामुळे त्यातल्या स्तुतीमागे स्तुती करणाऱ्याचा नफा नसतो, असे मीमांसकाला म्हणता येते. संकेतस्थळावरच्या फलश्रुतीखाली ‘आत्ताच बुक करा’ असे बटण असते. वाक्य तेच राहिले तरी वक्ता बदलला की त्याचे प्रामाण्य बदलते.

त्यातून दोषांची जाहिरात निराळीच. फलश्रुती आशा दाखवते, दोष भय दाखवतो, आणि इंटरनेटवर भय जास्त खपते. मराठी घरात मुलीच्या पत्रिकेत मंगळ निघाला की पुढे काय होते हे सांगायला नको. मंगळनाथ हे मंगळाचे जन्मस्थान मानले जाते, त्यामुळे ‘मंगळ दोष उपाय’ हे शब्द शोधणाऱ्याची वाट उज्जैनला जाते. कालसर्पाचे तर आणखी गमतीचे आहे. त्र्यंबकेश्वर आणि उज्जैन दोन्हीकडे त्याच्या शांतीची सर्वाधिक जाहिरात होते, पण ज्योतिषाच्या प्राचीन प्रमाणग्रंथांत हा योग या नावाने येत नाही, हे अनेक ज्योतिषीच मान्य करतात. सहाव्या शतकात अवंतीतच राहून लिहिणाऱ्या वराहमिहिराने बृहत्संहितेत, शास्त्र न शिकता नुसते ग्रह-नक्षत्र सांगत फिरणाऱ्या ‘नक्षत्रसूचका’ची निंदा केली आहे. त्याच्याच गावात तो धंदा इतका भरभराटीला येईल, याचे भाकीत त्याने केलेले नाही.

या भयाशी जाहिरातयंत्रणेचा संबंध कसा जुळतो हे समजून घेण्यासारखे आहे. फेसबुकची मालक असलेल्या मेटाने १९ जानेवारी २०२२ पासून, धार्मिक आचार किंवा गट यांच्या आधारे जाहिरातीचा प्रेक्षक निवडण्याचे पर्याय काढून टाकले. गूगलही वैयक्तिक रोखाच्या जाहिरातींत धर्मश्रद्धेचा आधार घेऊ देत नाही. त्यामुळे लहान विक्रेता माणूस निवडण्याऐवजी शब्द निवडतो. ‘लग्न जमत नाही उपाय’, ‘नोकरीत अडथळे का येतात’, ‘मूल होत नाही पूजा’ अशा शब्दांवर बोली लावायची आणि कोणी ते टंकले की समोर यायचे. पूर्वी भाविक आपली अडचण गुरुजींना सांगे आणि मग उपाय ऐके. आता रात्री एकट्याने शोधपेटीत लिहिलेल्या ओळीचा लिलाव होतो, आणि जिंकणारा सकाळी ‘आपली समस्या आम्ही जाणतो’ असा संदेश धाडतो. पुढे मुहूर्त असतोच. ‘नागपंचमीपूर्वी शेवटच्या अकरा जागा’ हे वाक्य विक्रीच्या भाषेत टंचाई दाखवणे असते आणि पंचांगाच्या भाषेत ते अर्धे खरेही असते. मुहूर्त ठरलेला असतो, जागा अकराच असतात असे नाही.

मग येतात अभिप्राय. पाच तारे, ‘पूजा केली आणि तीन महिन्यांत काम झाले’. इथे न्यायशास्त्रातला एक जुना वाद आठवतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत पूर्वपक्ष असा मांडला आहे की वेद अप्रमाण आहे, कारण पुत्रासाठी सांगितलेला यज्ञ करूनही पुत्र होत नाही असे दिसते. सिद्धांती उत्तर देतो की दोष वेदाचा नाही. क्रियेत, कर्त्यात किंवा साधनांत वैगुण्य राहिले असेल. उत्तर तर्काने अभेद्य आहे, आणि नेमकी त्यामुळेच पंचाईत होते. काम झाले तर पूजेमुळे, न झाले तर वैगुण्यामुळे. अशी मांडणी असेल तिथे अभिप्रायांतून काहीच सिद्ध होत नाही, कारण उलटा अभिप्राय मोजलाच जात नाही. वीज दुरुस्त करणाऱ्याचे तारे पाहून त्याला बोलावण्यात अर्थ आहे, दिवा लागला की नाही ते दिसते. पूजेचे फळ अदृष्ट म्हणजे न दिसणारे, आणि अदृष्टाला तारे देता येत नाहीत. अभिप्रायातून कळू शकते ते एवढेच की गुरुजी वेळेवर आले, मंत्र स्पष्ट म्हटले, सांगितलेल्या रकमेहून जास्त मागितले नाही. हे कळणेही कमी नाही, पण जाहिरातीत ठळक छापले जाते ते दुसरेच.

कायदा याच रेषेच्या आसपास घुटमळतो. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा पूजा, प्रदक्षिणा, यात्रा यांना हात लावत नाही. मात्र जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, दूरचित्रवाणीवर विकल्या जाणाऱ्या ‘हनुमान चालीसा यंत्रा’च्या प्रकरणात, अशा वस्तूंत अलौकिक शक्ती असल्याचा दावा करून त्यांची जाहिरात आणि विक्री करणे याच कायद्याखाली बेकायदा ठरवले. हनुमान चालीसा म्हणण्यावर न्यायालयाचा आक्षेप नव्हता, यंत्रातून फळ विकण्यावर होता. जानेवारी २०२४ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या प्रतिष्ठापनेआधी ‘राम मंदिर प्रसाद’ या नावाने मिठाई विकली जाऊ लागली, तेव्हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अॅमेझॉनला नोटीस दिली. तो प्रश्न आणखी साधा होता, की पुडीवर लिहिले आहे ते पुडीत आहे का. मिठाई प्रसाद कधी होते, हे सांगणे मात्र प्राधिकरणाच्या कक्षेत येत नाही. ते नैवेद्य दाखवणाऱ्याला ठाऊक असते.

या साऱ्यातून नानाखेड्याच्या खोलीतल्या व्यावसायिकाला काय उरते? परिक्रयाच्या हद्दीतले सगळे त्याला विकता येते. किती ब्राह्मण बसतील, किती आवर्तने होतील, कोणत्या स्थानी, किती वेळ, साहित्य कोणाचे, मंदिराची पावती वेगळी फाडावी लागेल का, पूजा एकट्याची की सामूहिक, चित्रफीत मिळेल का, तारीख चुकली तर पैसे परत कसे मिळतील. या गोष्टी तपासता येतात, त्यांचा दर सांगता येतो आणि त्यांची जाहिरात करण्यात शास्त्राला वा कायद्याला हरकत असायचे कारण नाही. ही जीविका. लग्न जमेल, मूल होईल, खटला जिंकाल, हे त्याच्या मालकीचे नाही. मीमांसेनुसारही ते ऋत्विजाचे कधीच नव्हते. ते विकायला काढले की शिवाला ‘क’ लागतो.

अनेक संकेतस्थळांना हा भेद कळतो, हे त्यांच्याच पानावर दिसते. वर मोठ्या अक्षरांत ‘शीघ्र फलप्राप्ती’, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत, परिणाम ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर आणि कर्मावर अवलंबून, सेवा देणाऱ्यावर जबाबदारी नाही. तळाची ओळ वकिलाने लिहिलेली असते आणि तत्त्वज्ञान तिचेच बरोबर असते. ती वर नेली तर विक्री किती उतरेल, याची भीती वाटणे स्वाभाविक आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात महाकालेश्वर मंदिरालगतच्या ‘महाकाल लोक’ या परिसराचे उद्घाटन झाल्यापासून शहरातली गर्दी आणि स्पर्धा दोन्ही वाढल्या आहेत, आणि २०२८ चा सिंहस्थ समोर आहे.

अपूर्णांकांचा हिशेब मात्र त्या व्यावसायिकाच्याही वाट्याला येतो. दुसऱ्यांची नावगोत्रे खिशात घेऊन तो रोज शिप्रेवर जातो, म्हणून निबंधकारांच्या लेखी त्याचा वाटा सोळावा. त्याचा एखादा ग्राहक मालाच्या सौद्यासाठी इंदूरला आला, वेळ उरला म्हणून नानाखेड्याला बसमधून उतरला आणि सहज महाकालाचे दर्शन घेऊन परतला, तर पैसे न भरता त्याला अर्धे फळ मिळते.